निवांत निघू, पहाटे पाचला!

पाऊस सरत आला की आदिलाबादच्या वाट्याला दोन गोष्टी हमखास येतात: सोयाबीनची कापणी आणि नागपूरचे पाहुणे. कापणीला माणसं मिळत नाहीत. पाहुण्यांना गाडीत जागा पुरत नाही.

यंदाच्या पाहुण्यांचं वेळापत्रक आमच्या नागपूरच्या साडभाऊंनी घरच्या व्हॉट्सॲप गटावर आधीच टाकलं आहे. नाव दिलंय ‘निवांत रविवार’. पहिली ओळ: ‘पहाटे ५.०० प्रस्थान. वेळ काटेकोर पाळावी.’ त्याखाली कुंटाला धबधबा, पोचेरा धबधबा, कनकाई धबधबा, जैनदचं मंदिर, निर्मलची लाकडी खेळणी, बासरची सरस्वती, जोडेघाटचं कुमराम भीम स्मारक आणि ‘वेळ उरल्यास’ कवाल व्याघ्र प्रकल्प. प्रत्येक धबधब्याला पस्तीस मिनिटं. जेवणाला वीस. वाघापुढे आकडा नव्हता. ते त्याच्या सोयीवर सोडलं असावं. तळाशी टीप: ‘संपूर्ण प्रवास ग्रामीण, आडवाटेचा, कुठलीही घाई नाही.’

“साडभाऊ, ह्यात निवांत काय आहे?” मी विचारलं.

“रविवार,” ते म्हणाले.

दोष एकट्या त्यांचा नाही. ११ ऑक्टोबर २०१६ ला सरकारनं आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे केले. बासर आणि निर्मल गेलं निर्मल जिल्ह्यात. जोडेघाट गेलं कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात. कवालला जाणारे जिथं उतरतात ते जन्नारम मंचेरियालमध्ये. कलेक्टर चार झाले, एसपी चार झाले, पाट्या रंगवणाऱ्यांची दिवाळी झाली. पण ‘आदिलाबादमधील प्रेक्षणीय स्थळे’ ही यादी काही फुटायला तयार नाही. अखंड जिल्ह्याचं शेवटचं चालू असलेलं खातं तेच. जुना जिल्हा सोळा हजार चौरस किलोमीटरचा होता. तो एका रविवारात, वीस मिनिटांच्या जेवणासकट बसवायचा, तर पहाटे पाचही उशीरच म्हणायचे.

आणि ही आडवाट कुठली, तर राष्ट्रीय महामार्ग ४४. तोच, जो पूर्वी ७ नंबरचा होता आणि आता श्रीनगरहून थेट कन्याकुमारीला जातो. आदिलाबाद त्याला मध्येच लागतं, म्हणजे लागतं असं नुसतं म्हणायचं. ट्रकवाल्याला विचाराल तर त्याला पिप्परवाड्याचा टोलनाका आठवेल, रोलमामड्याचा टोलनाका आठवेल, मधलं गाव आठवणार नाही. साडभाऊ ह्याला ग्रामीण रस्ता म्हणतात, कारण दोन्ही बाजूंना शेतं आहेत. तसं पाहिलं तर विमानतळाच्या धावपट्टीच्या बाजूलाही गवत असतं.

माझं म्हणणं इतकंच आहे: एक दिवस असेल तर एक रस्ता घ्या. एकच. ज्या रस्त्यानं जाल त्याच रस्त्यानं या. साडभाऊंना हे पटत नाही. ‘आलेल्या रस्त्यानं परत’ म्हणजे त्यांना पैसे बुडाल्यासारखं वाटतं. पण जाताना कुठं खड्डा होता, कुठं कुत्रं आडवं आलं, कुठल्या वळणावर पोरं चेंडू खेळत होती, हे परत येणाऱ्यालाच ठाऊक असतं. नव्या रस्त्यानं संध्याकाळी परतणारा माणूस रस्ता पाहत नाही, मोबाइल पाहतो. आणि डोंगरात शिरल्यावर मोबाइलही आकाशाकडे पाहतो.

“एकच रस्ता? मग दिवसभर करायचं काय?”

हा प्रश्न मात्र खरा आहे. त्याचं उत्तर द्यायला थोडी जागा लागेल.

आदिलाबादहून महामार्गानं दक्षिणेला निघालं की गुडीहतनूर लागतं. तिथं महामार्ग सोडून पूर्वेला वळायचं. हा रस्ता इंद्रवेल्लीवरून उटनूरकडे जातो. वळल्यावर पहिल्यांदा कळतं की आतापर्यंत काच वर होती. आश्विनात इथं एका बाजूला कापूस फुटायला लागलेला असतो, त्याच्या ओळीत तूर डोकं वर काढून उभी असते आणि दुसऱ्या बाजूला सोयाबीनचं रान रिकामं झालेलं असतं. सोयाबीन कुठं गेलं? रस्त्यावर. अर्ध्या डांबरावर दाणे वाळत घातलेले, कडेनं दगडांची रांग, शेजारी खराटा घेऊन एक आजी. ह्या रस्त्याची मालकी कुठल्या खात्याकडे आहे ह्यावर फायली फिरत असतील. दाणे वाळेपर्यंत तो आजीचा. समोरून ट्रॅक्टर आला तर एकानं थांबायचं असतं, आणि तो एक म्हणजे आपण. हॉर्न वाजवून काही होत नाही. आजी हॉर्नला ओळखत नाही, पावसाच्या ढगाला ओळखते.

एक सांगून ठेवतो, कारण हे कुठल्याच यादीत नसतं. दाणे उचलल्यावर दगड कधी कधी तिथंच राहतात. दिवसा ते दिसतात, रात्री मोटरसायकलवाल्याला दिसत नाहीत. आणि साइड द्यायची म्हणून गाडी साइडपट्टीवर उतरवू नका. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, वरून कोरडी वाटते आणि आतून तुमची वाट पाहत असते. चाक रुतलं की बैलजोडी येईपर्यंत तुम्हाला खराखुरा निवांत वेळ मिळेल. यादीवाल्यांना तो मिळवायचा हा एकच मार्ग मला दिसतो.

पाट्या तेलुगूत असतात. घाबरायचं कारण नाही; पाटी तेलुगूत असली तरी पाटीखाली बसलेला माणूस बहुधा तुमच्याशी मराठीत बोलेल. ह्या भागात गोंडी, कोलामी, लंबाडी, तेलुगू, उर्दू आणि मराठी एकाच टपरीवर चहा पितात. आंध समाजाची बोली मराठीच. गोंडांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या गोंडीत गाणारे परधान घरात मराठी बोलतात. तेव्हा काच खाली करून विचारायचं. उत्तर असं येतं: “सीधे जा नं भाऊ. पुढं रपटा हाये. पाणी गुडघ्याले लागन. लागलं त वापस या.” ह्या चार वाक्यांत रस्ता आहे, धोका आहे, मोजमाप आहे आणि पर्यायी मार्गही आहे. नकाशातली बाई इतकं काही सांगत नाही. ती फक्त ‘शक्य असेल तेव्हा यू-टर्न घ्या’ म्हणते, तेही रपट्याच्या मधोमध.

इंद्रवेल्लीला लाल स्तूप आहे. गाडी थांबवा. २० एप्रिल १९८१, सोमवार, आठवडी बाजाराचा दिवस. गोंड शेतकऱ्यांची जमिनीच्या हक्कासाठी सभा ठरली होती, तिला परवानगी नाकारली गेली होती. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. कोण सभेला आलं आणि कोण मीठ-मिरची घ्यायला, हे गोळ्यांना कसं कळणार? सरकारी आकडा तेरा मृतांचा. गावातली माणसं मोजतात ते वेगळं, आणि खूप जास्त. आधीचा स्तूप १९८६ मध्ये उडवला गेला, मग पुन्हा बांधला. त्यानंतरही किती तरी वर्षं २० एप्रिलला इथं जमायला मनाई असायची. श्रद्धांजलीला जमावबंदी. साडभाऊंच्या यादीत हे ठिकाण नाही. इथं पाणी वरून खाली पडत नाही ना.

त्याच तालुक्यात, म्हणजे आमच्या भाषेत मंडलात, केस्लापूर. नागोबाचं गाव. पुष्य अमावास्येला जत्रा भरते, तेव्हा इथं पाय ठेवायला जागा नसते. एरवी देवळापुढे वडाच्या सावलीत माणूस पाठ टेकू शकतो. प्रवासाचं नियोजन कसं करतात हे ज्यांना शिकायचंय त्यांनी नागोबाला पुजणाऱ्या गोंडांच्या मेस्राम कुळाकडून शिकावं. जत्रेच्या आधी त्यांचा छकडा गावोगाव फिरून निरोप देतो. सिरिकोंड्याचे कुंभार मडकी घडवतात. मग माणसं अनवाणी निघतात आणि जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगूहून गोदावरीचं पाणी घेऊन येतात. गाड्या धावतात त्याच मुलखातून, पण पायवाटांनी. मुक्काम ठरलेले, वाट ठरलेली, कोण पाणी उचलणार तेही ठरलेलं. कुणी म्हणत नाही, ह्या वर्षी जरा वेगळा रूट ट्राय करू. अमावास्येच्या मध्यरात्री अभिषेक होतो. जत्रेत नव्या सुनांची देवाशी ओळख करून देतात, तिला भेटिंग म्हणतात. तोवर ती मेस्रामांची सून पुरती झालेली नसते. आमच्याकडे सुनेची ओळख सेल्फीतून होते, देवाला नोटिफिकेशन जात असावं.

ह्या जत्रेत सरकारचा दरबारही भरतो. अधिकारी खुर्च्यांवर, लोक तक्रारी घेऊन समोर. १९४० मध्ये जोडेघाटला गोंडांचा बंडखोर नेता कुमराम भीम मारला गेल्यावर निजाम सरकारला जाग आली की डोंगरात माणसं राहतात. त्या माणसांना काय हवंय ते पाहायला हैदराबाद संस्थानानं धाडलं ते व्हिएन्नाच्या एका मानववंशशास्त्रज्ञाला, क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना. दरबाराची प्रथा त्यांच्या सल्ल्यातून सुरू झाली. ह्या गृहस्थांची कथा आमच्या साडभाऊंना मुद्दाम सांगितली पाहिजे. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा ते हिंदुस्थानात होते आणि खिशात पासपोर्ट जर्मन. इंग्रजांच्या लेखी शत्रू. त्यांना हैदराबाद संस्थानाबाहेर हिंडायला बंदी झाली. दुसरा कुणी वकिलाकडे गेला असता. हे बायकोला घेऊन मारलवाईला गोंडांच्या गावात झोपडी बांधून राहिले, १९४८ मध्ये आदिलाबादच्या राजगोंडांवर ग्रंथ काढला आणि नंतर दशकानुदशकं परतपरत येत राहिले. पत्नी बेटी १९८७ मध्ये गेल्या, त्यांना मारलवाईतच पुरलं. पुढे ह्यांच्या अस्थीही तिथंच आणून ठेवल्या. मारलवाई आता आसिफाबाद जिल्ह्यात आहे, उटनूरच्या पुढे. एका दिवसाच्या हिशेबात मी ते धरत नाही. हायमेनडॉर्फांनीही एका दिवसाचा हिशेब धरला नव्हता.

उटनूरपर्यंत पोचलात तर तिथल्या आदिवासी बायकांची सहकारी संस्था मोहफुलांचे लाडू करते, ते घ्या. मोह म्हटल्यावर नागपूरच्या माणसाच्या डोळ्यांत जी चमक येते ती आवरा. लाडूच आहेत.

आता कुंटाला. ते टाळा असं मी म्हणत नाही. कडेम नदी सुमारे दीडशे फुटांवरून उडी घेते, खाली उतरायला चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि पावसाळ्यात तो देखावा खरोखर बघण्यासारखा असतो. फक्त त्या पायऱ्या उतरताना जे गुडघे ‘चला चला’ म्हणतात तेच चढताना गप्प होतात, हे पस्तीस मिनिटांत बसवून दाखवा. खालच्या डोहानं किती तरी पोरं गिळली आहेत. पाण्याजवळ जाऊ नका अशी पाटी लागली की आपल्याकडे तिच्याच पुढे उभं राहून फोटो काढायचा रिवाज आहे.

आणखी एक. कुंटाला दोन आहेत. धबधब्याचं कुंटाला आदिलाबाद जिल्ह्यात, नेरडीगोंडा मंडलात. दुसरं कुंटाला निर्मल जिल्ह्यात, भैंशाकडच्या बाजूला. ते स्वतःच मंडलाचं गाव आहे, तिथं कचेरी आहे, दुकानं आहेत, धबधबा नाही. नुसतं नाव टाकून मोबाइलच्या मागे गेलेले पाहुणे तिथल्या चौकात उतरून पाण्याचा आवाज ऐकू येतो का ते पाहतात.

त्या कुंटाल्याला जाऊन कसलीही तक्रार न करणारा एकच पर्यटक माझ्या ऐकिवात आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या जंगलातून जॉनी नावाचा एक नर वाघ निघाला. वनखात्याचं म्हणणं, जोडीदारीण शोधायला. बोथ मंडलातून आत शिरला, निर्मलच्या बाजूला गेला, कुंटाला, सारंगापूर, मामडा, पेंबी अशी मंडलं पालथी घातली, मध्ये तो ४४ नंबरचा महामार्गही ओलांडला. महिनाभरात दोनशेच्या वर किलोमीटर. टोल नाही, यादी नाही, भूक लागेल तिथं जेवण. साडभाऊंनी ‘वेळ उरल्यास वाघ’ असं लिहिलंय. इथं वाघ स्वतःच सहलीला निघालेला असतो आणि त्याला तुमच्यासाठी वेळ असेलच असं नाही. विनोद बाजूला ठेवू. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातले वाघ पैनगंगा ओलांडून आमच्या भीमपूर मंडलात येतात, आणि तिथल्या बायका कापूस वेचायला एकट्या जात नाहीत. गाडीतल्या माणसाला वाघ दिसला तर बातमी होते, वावरातल्या बाईला दिसला तर मजुरी बुडते.

म्हणून परतायची वेळ. सगळ्या नियोजनात काटेकोर पाळायची अशी ही एकच वेळ आहे, आणि ती नेमकी कुणी लिहीत नाही. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे पावणेसहाला सूर्य जातो. साडेचारला गाडीचं तोंड फिरवायचं. त्यानंतर रस्ता गुरांचा होतो. गुरांमागून कापसानं फुगलेले ट्रॅक्टर येतात, ज्यांना पुढे एक दिवा असतो आणि मागे ड्रायव्हरची श्रद्धा. अंधारात हे सगळं एका रांगेत आलं की पहाटे पाचला उठलेल्या माणसाचं काय होतं ते विचारू नका. सातला निघा ना. नाश्ता करून निघा. धबधबे पळून जात नाहीत. मार्गशीर्षापर्यंत वाळतात, तो भाग वेगळा.

पेट्रोल मात्र महाराष्ट्रातच भरून घ्या. सध्या ते तेलंगणात महाराष्ट्रापेक्षा महाग आहे, म्हणून आमच्याकडची माणसं टाकी भरायला पैनगंगा ओलांडतात. तिकडची माणसं इकडे कशासाठी येतात, तेही सर्वांना ठाऊक आहे. पैनगंगेसारखी निःपक्षपाती नदी देशात दुसरी नसेल.

सीमेचं म्हणाल तर ज्यांना खरोखर आडवाट हवी त्यांच्यासाठी बोथहून किनवटला जाणारा रस्ता आहे. बोथ आणि किनवट हे दोन्ही एकेकाळी आदिलाबाद जिल्ह्याचेच तालुके. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार वाटणी झाली. किनवट नांदेड जिल्ह्यात गेलं, राजुराही तिकडेच गेलं आणि पुढे चांद्याला जोडलं गेलं. रस्ता जागचा हलला नाही, पण एका रात्रीत आंतरराज्यीय झाला. सोयरिकी तशाच राहिल्या, बाजार तसेच राहिले. फक्त खड्ड्यांची वाटणी झाली. आजही डोळे मिटून बसलात तरी हद्द ओलांडल्याचं पाठीला कळतं. कोणत्या दिशेला सुख आहे ते मी सांगणार नाही, कारण ते निवडणुकीगणिक बदलतं. मध्ये किनवट-धर्माबादकडची गावं ‘आम्हाला तेलंगणात घ्या’ म्हणत होती. जिवती तालुक्यातल्या चौदा गावांची तर गोष्टच न्यारी. ती चंद्रपूर जिल्ह्यातही आहेत आणि आसिफाबाद जिल्ह्यातही. दोन्हीकडचं मतदान कार्ड, दोन्हीकडचं रेशनकार्ड, एक शाळा मराठी, एक तेलुगू. दोन राज्यं हक्क सांगतात, आणि पाण्याची टाकी मागितली की दोघांनाही आठवतं की हद्दीचा प्रश्न अजून सुटायचा आहे. दोन मुख्यमंत्री असलेल्या गावी जायचा रस्ता कसा आहे? जसा दोन मालकांचा बैल असतो.

जैनदबद्दल थोडक्यात, कारण ते आदिलाबादपासून वीसेक किलोमीटरवर आहे आणि अर्ध्या दिवसात होतं. गावाचं नाव जैन वळणाचं, देऊळ लक्ष्मीनारायणाचं, आणि गावात मिळालेला शिलालेख परमार जगद्देवाच्या काळातला, त्यात बांधल्याचा उल्लेख आहे तो सूर्यदेवाच्या मंदिराचा. नऊशे वर्षांपूर्वी माळव्याचा राजपुत्र इथवर आला. कार्तिकात इथं यात्रा असते. एरवी पुजारी घरी जेवायला गेला असेल तर तो येईपर्यंत ओट्यावर बसा. त्याला फोन लावून ‘आम्ही नागपूरहून आलोय, पंधरा मिनिटंच आहेत’ असं सांगू नका. देवाला नऊशे वर्षं आहेत, तुमच्याकडे पंधरा मिनिटं आहेत, आणि घाई कुणाला आहे ते पुजाऱ्याला बरोबर कळतं.

दिवाळीच्या आसपास आलात तर ह्याच रस्त्यांवर दंडारीची मंडळी भेटतील. मोरपिसांचे टोप, अंगाला राख, हातात काठी. हे गुस्साडी. एका गावची मंडळी दुसऱ्या गावी पाहुणी जाते, नाचते, जेवते, मुक्काम करते. मारलवाईचे कनक राजू ह्यांना ह्याच नृत्यासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली, आणि तेव्हापासून गुस्साडी म्हणजे काय हे शहरातल्यांना कळलं असं त्यांना स्वतःला वाटायचं. २०२४ मध्ये ते गेले. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, जाऊ द्या त्यांना. ते दर्शन देणारे देव आहेत. खिडकीतून हात काढून ‘जरा इकडे बघा’ म्हणायला ते लग्नातले बँडवाले नव्हेत. ज्याला आपण ऑफबीट म्हणतो त्या रस्त्यावर लोक राहतात, एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

जेवण? महामार्गावर पनीर आहे, ते श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत एकाच चवीचं मिळतं. आतल्या गावात हॉटेल असेलच असं नाही. सकाळी जाताना चहाच्या टपरीवर सांगून ठेवायचं, “दुपारी चार माणसं येऊ.” घरातून ज्वारीची भाकरी, वरण, ठेचा येतो. किती वाजता येऊ ते नक्की सांगावं लागतं, आणि इथं साडभाऊंच्या काटेकोरपणाचा मला पहिल्यांदा उपयोग दिसतो.

थंडीचंही विचारतात. पारा चार-पाच अंशांवर आला की लोक आदिलाबादला तेलंगणाचं काश्मीर म्हणू लागतात. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर गेल्यावर राजस्थान म्हणायला कुणी पुढे येत नाही. स्वेटर आणा.

हे सगळं मी साडभाऊंना सांगितलं. ते ऐकत होते, मध्ये मध्ये कागदावर टिपूनही घेत होते. ते टिपत असताना आमच्या हिनं आणि तिच्या बहिणीनं परस्पर निर्णय घेतला, की तुम्ही पुरुष तुमची गाडी घेऊन काय घालायचा तो गोंधळ घाला, आम्ही बसनं जातो. आदिलाबादच्या स्टँडवरून ‘पल्ले वेलुगु’ सुटते. खेड्यापाड्यांत थांबणारी साधी गाडी. प्रत्येक फाट्यावर थांबते, कोंबड्या चढतात, शाळेची पोरं उतरतात, कंडक्टर सगळ्यांना नावानं ओळखतो, आणि ग्रामीण रस्त्याची सहल म्हणजे दुसरं काय असतं ते मला कुणी सांगावं. शिवाय डिसेंबर २०२३ पासून महालक्ष्मी योजनेत तेलंगणातल्या बायकांना ही बस फुकट आहे. आमच्या हिनं आधार कार्ड दाखवलं, कंडक्टरनं शून्य रुपयाचं तिकीट फाडून हातात दिलं. तिच्या बहिणीनंही ऐटीत आधार कार्ड पुढे केलं. त्यानं पत्ता वाचला आणि पूर्ण भाडं सांगितलं.

“अहो, पूर्ण कसं? आमच्या एसटीत बायकांना अर्धं असतं.”

“असन नं ताई,” कंडक्टर मशीनचं बटण दाबत म्हणाला, “पण थे अर्धं पैनगंगेच्या तिकडं. सुटे द्या.”